डाव्या पंखातली पुडी

आनंदीबाई जगदाळेंनी उभ्या आयुष्यात एकच लबाडी केली, आणि ती विमानाच्या डाव्या पंखात शिवून टाकली.

इंदोरहून निघून बेटम्याच्या अलीकडे धार रोड सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन लागतं. मधेच शेत संपतं आणि लांबच लांब सपाट पट्टी सुरू होते. संस्थानच्या काळात ती विमानं उतरायला बांधली. पुढे तिथे विमान शिकवायचा क्लब आला आणि नव्व्याण्णव साली बंद पडला. आता पट्टीवर गावातली माणसं मोटरसायकल शिकतात, आणि पत्र्याच्या हँगरमध्ये दोन जुनी विमानं उभी आहेत. एक दुहेरी पंखांचं टायगर मॉथ. त्याचं इंजिन कधीच गेलं, कापडही गेलं, नुसत्या फासळ्या उरल्यात. दुसरं पुष्पक. ते मात्र सगळं अंगावर लेवून उभं आहे, कारण त्याची धूळ आनंदीबाई रोज सकाळी झाडतात. क्लब बंद झाला तेव्हा सगळ्यांना घरी पाठवलं; यांच्या हातात किल्ली दिली आणि मागच्या क्वार्टरमध्ये राहू दिलं.

विमानाला कापड असतं, हे सांगितलं तर लोक हसतात. पण जुन्या विमानांना असतं. पंखाच्या लाकडी फासळ्यांवर सुती कापड ताणायचं, फासळीफासळीला टाके घालून बांधायचं, वरून डोप नावाचं उग्र वासाचं रसायन फासायचं. ते वाळलं की कापड तबल्यासारखं वाजतं. या टाक्यांसाठी ब्याऐंशी साली शंकररावांनी आनंदीबाईंना कामावर घेतलं. नवरा क्लबच्या पेट्रोलच्या गाडीवर होता, तो काविळीने गेला. पदरात काही नव्हतं. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी हाताला लावलेलं वळण तेवढं होतं.

शंकरराव क्लबचे मुख्य मेकॅनिक. महूचे, वडील पलटणीत होते. घरात बुद्धवंदना आणि कामात शिस्त, दोन्हीत खाडा नाही. पंख उभा करायचा, एका बाजूला शंकरराव आणि दुसऱ्या बाजूला आनंदीबाई. हातभर लांब सुई इकडून जायची, तिकडून यायची. तास तास तोंड दिसायचं नाही, नुसती सुई दिसायची. त्यांचा नियम एकच: उघड्या पंखात जे गेलं ते बाहेर आलं पाहिजे. डब्यात बारा सुया, त्या मोजल्याशिवाय शेवटचा टाका पडायचा नाही. मग लॉगबुकात शंकररावांची सही: आतून तपासलं, साफ आहे. पण पुढे पुढे ते आतून बघेनासे झाले. म्हणायचे, "आनंदीच्या टाक्यावर मी डोळे मिटून सही करतो."

शहाण्णव साली डोळे मिटून केलेल्या अशाच एका सहीखाली ती पुडी राहिली.

त्या वर्षी एका विद्यार्थ्याने उतरताना पुष्पकाचा डावा पंख मोडून घेतला आणि स्वतःचं खुब्याचं हाडही. नवा पंख तयार झाला की पहिल्यांदा एकटी उडायची पाळी श्रेयाची होती. सतरा वर्षांची पोर, रोज आनंदीबाईंच्या डब्यातली भाकरी उचलायची. आनंदीबाईंचं घर जुन्या फौजेतल्या माणसांचं, देवघरात खंडोबाचा टाक. त्यांनी भंडाऱ्याची चिमूट कापडात बांधली आणि शंकरराव डोपचा डबा आणायला वळले तेवढ्यात आतल्या फासळीला करकचून गाठ मारून टाकली. सुया बारा भरल्या. पुडी कुणी मोजली नव्हती.

श्रेया उडाली, उतरली. आता ती मोठी विमानं चालवते आणि दिवाळीला मेसेज करते. आनंदीबाईंनी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही, देव सोडून.

यंदा पावसाळ्यात हँगरचा पत्रा गळला, नेमका डाव्या पंखावर. पंखाच्या मागच्या कडेला पोटाखाली बारीक भोकं ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून. बुधवारी सकाळी आनंदीबाईंनी वर पाहिलं, तर तिसऱ्या भोकापासून पांढऱ्या पंखावर वीतभर पिवळा ओघळ आला होता. ओल्या फडक्याने पुसलं. हळद ती, जाते कुठली?

आणि शुक्रवारी यशवर्धनचा फोन. यशवर्धन म्हणजे क्लबच्या शेवटच्या सेक्रेटरीसाहेबांचा मुलगा, सध्या हँगरचा मालक. "काकी, रविवारी एक फोटोग्राफर येईल, दिवसभर राहील. जुन्या विमानांचं कॅलेंडर काढायचंय."

पंचवीस वर्षांत या विमानांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. बुधवारी ओघळ येतो आणि शुक्रवारी कॅलेंडर निघतं? आनंदीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी पाहिलंय. पंख उघडला तर आधी पुडी निघणार, मग लॉगबुक निघणार, आणि त्यात नाव आनंदीचं नाही, शंकररावांचं आहे. साफ आहे म्हणून सही केलेली. त्या सहीवर डाग यायचा तर आनंदीबाईंना विहीर जवळ वाटली असती.

रविवारी आठ वाजता इंदोरच्या पलासियाहून ती फोटोग्राफर आली, अनुश्री. तिशीची, मराठी घरातली, पण मराठी तिची इंदोरीच. तीन बॅगा, तिपाई, छत्रीसारखा दिवा.

"काकू, नमस्ते. तुम्ही तुमचं काम करा हं, मी माझं करते. टेन्शन नका घेऊ."

"टेन्शन कसलं बाई," म्हणून आनंदीबाई स्टूल घेऊन डाव्या पंखाखालीच बसल्या.

अनुश्रीने आधी टायगर मॉथ काढलं, मग पुष्पकाचं नाक, पंखा, चाकं. आनंदीबाईंचं सगळं लक्ष तिच्या भिंगाकडे. कॅलेंडरवर विमान कसं असतं? मागे आभाळ, जमलं तर बाजूला फुलं. ही बया कोपरे काढत होती. नंबराची पाटी, चाकाची झीज, सांध्यांचा गंज. कागदावर खुणा करत होती.

"हे पण कॅलेंडरवर येणार? गंज?"

"डिटेल लागतात काकू. क्लायंटला सगळं बघायचं असतं." मग ती आत वाकली. "काकू, इथे घड्याळाची जागा रिकामी आहे. कुठे गेलं?"

आनंदीबाई उभ्याच राहिल्या. "कुठे गेलं म्हणजे? माझ्याकडे बघून विचारतेस?"

"नाही नाही, सर म्हणाले, काय काय गायब आहे ते नोट कर."

"तुझ्या सरांना म्हणावं, त्यांच्या वडिलांच्या टेबलावर बघा. क्लब बंद झाला त्या दिवशी साहेबांनी स्वतः काढून नेलं, आठवण म्हणून. किल्ली माझ्याकडे आहे, हात नव्हे."

अनुश्रीने ओठ आवळून कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणजे आता दोघी एकमेकींकडे चोरासारख्या बघू लागल्या. ही आत गेली की आनंदीबाई वाकून बघायच्या. आनंदीबाई क्वार्टरकडे वळल्या की ही मान उंचावून बघायची, पदराखाली काय आहे.

दहाच्या सुमाराला भिंग डाव्या पंखाकडे वळलं. आनंदीबाईंनी लांब काठीला फडकं बांधलं आणि ओघळाच्या बरोब्बर समोर फिरवू लागल्या.

"काकू, तुम्ही फ्रेममध्ये येताय."

"जाळी झालीत."

"राहू द्या ना जाळी, विंटेज वाटतं."

"तुमच्यात जाळ्याला विंटेज म्हणत असतील. आमच्यात कुलक्षण म्हणतात."

पोरीला हसू आलं, पण तिने तिपाई दोन पावलं सरकवली आणि खालून खटखट चारपाच फोटो घेतलेच. आनंदीबाईंच्या काठीपेक्षा भिंग हुशार होतं.

बारा वाजता दोघी पायरीवर बसल्या. संशय असला म्हणून कुणाला उपाशी ठेवायचं नसतं; आनंदीबाईंनी मेथीच्या पुऱ्या पुढे केल्या. तीन पुऱ्या खाल्ल्यावर अनुश्री जरा सैल झाली.

"काकू, खरं सांगू का? कॅलेंडर वगैरे काही नाही. तिकडे साउथला एकजण आहेत, जुनी विमानं दुरुस्त करून उडवतात. ते पुष्पक घेणार आहेत. फोटो त्यांच्यासाठी. तुम्ही नाराज व्हाल म्हणून सर म्हणाले, सांगू नको."

आनंदीबाईंच्या हातातली पुरी तशीच राहिली. "उडवणार? या पंखांवर?"

"छे, हा कपडा पूरा उतरवणार. आतलं लाकूड चेक करून नवा चढवणार. जुनी लॉगबुकं पण मागवलीत, फोटोबरोबर जाणार आहेत. आणि हो, तीन वाजता शंकररावजी येतायत महूहून. त्यांचा विमानासोबत एक पोर्ट्रेट पाहिजे."

झालं. ओघळ पाहून कुणीच आलं नव्हतं. पण निघायचं ते निघणारच होतं. कुठल्या कोण परक्या गावात कापड फाडणार, पुडी उचलून धरणार आणि शेजारी लॉगबुक उघडून विचारणार, हा शंकरराव कोण? असली तपासणी करायचा? त्यात महूचा बौद्ध माणूस, आणि त्याच्या सहीखाली खंडोबाचा भंडारा. आणि त्याआधी, तीन वाजता, खुद्द शंकरराव. पंच्याऐंशी वय झालं, गुडघे गेले, पण नजर गेली नव्हती. पंखाखाली आले की पहिलं वर बघणार.

आनंदीबाई देवापुढे जाऊन बसल्या. नुसत्या बसल्या, मागायचं काय तेच सुचेना. उठताना फळीवर खिडक्यांच्या पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा दिसला, आणि माणसाची बुद्धी अशा वेळी जिथे जाते तिथेच गेली.

अनुश्री बाहेर पट्टीचे फोटो काढत होती. आनंदीबाई स्टुलावर चढल्या. सदुसष्टाव्या वर्षी, एक हात पंखाच्या काठीला, दुसऱ्यात ब्रश. चार फटकारे. ओघळ गेला. खाली उतरून पाहिलं तर तिथे आता नवाकोरा लखलखीत पांढरा डाग होता, आणि बाकीचा पंख त्याच्यापुढे दुधाशेजारच्या ताकासारखा दिसत होता.

पावणेतीनला अनुश्री आत आली, आणखी एक फोटो घेतला, आणि थबकली. कॅमेऱ्याच्या पाठीमागचा काचेचा तुकडा तिने आनंदीबाईंपुढे धरला.

"काकू, हा सकाळचा. इथे पिवळं आहे. आणि हा आत्ताचा. इथे पांढरं आहे."

आनंदीबाईंनी रंगाचा डबा पायाने स्टुलामागे सरकवला.

"माझ्या कामात गडबड नका करू प्लीज. मला वाटलं तुम्ही पार्ट विकले असतील. पण हे काय आहे? आतून काही सडलंय का? लपवताय का?"

"मी पार्ट विकले?" आनंदीबाईंचा आवाज चढला आणि चढता चढताच फुटला. "चाळीस वर्षं मी यातला एक खिळासुद्धा घरी नेला नाही ग."

"मग सांगा ना, काय आहे?"

तेवढ्यात बाहेर टॅक्सीचं दार वाजलं.

शंकरराव आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात काठी. "जय भीम, आनंदी."

"रामराम, दादा." चाळीस वर्षं हे असंच चालत आलं होतं.

त्यांनी विमानाला हात लावला, नाकापासून शेपटीपर्यंत. खुशीत होते. अनुश्रीला म्हणाले, "या बाईमुळे हे उभं आहे. माझ्यामुळे नाही, हे लिहून घे." मग डाव्या पंखाखाली आले आणि वर बघायच्या आधी त्यांनी नाक वर केलं.

"रंग कुणी लावला?"

 त्यांनी काठीचं टोक वर नेलं. ओला रंग काठीला लागला आणि खालचं पिवळं दिसलं. त्यांनी ते बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं.

"गंज नाही हा. हळद आहे."

अनुश्रीने आनंदीबाईंकडे पाहिलं आणि का कुणास ठाऊक, पटकन म्हणाली, "वरून टपकत असेल हो, चिमण्याबिमण्या काहीतरी आणून..."

"चिमण्या हळद आणतात?" शंकरराव म्हणाले. ते बघत होते आनंदीबाईंकडे.

पोरीने सुटायला वाट दिली होती. आनंदीबाईंनी ती घेतली नाही.

"दादा, मी ठेवली. आत. भंडाऱ्याची पुडी. शहाण्णव साली, श्रेयाच्या वेळी."

शंकररावांनी बोट रुमालाला पुसलं. मग स्टुलावर बसले. "बांधली होती?"

"फासळीला. आपलीच गाठ, दोनदा मारली."

"तीन वर्षं उडालं हे या पंखावर. रोज पोरं वर पाठवत होतो मी."

"काही झालं नाही ना दादा. एका पोराला ओरखडा नाही आला."

"म्हणून तर तुला कळलं नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं, असं आनंदीबाईंना वाटलं. "ब्लेड आण."

कापड त्यांनी कापलं नाही. ब्लेड त्यांनी आनंदीबाईंच्या हातात दिलं. आनंदीबाईंनी स्वतःचेच टाके एकेक करून उसवले; जुना दोरा अजून कडक होता, पटकन तुटेना. हातभर कापड खाली लोंबलं. शंकररावांनी मोबाइलचा दिवा आत धरला. चिंधी होती. कुजली होती, भंडारा वाहून गेला होता, दोनपैकी एक गाठ सुटली होती. दुसरी तग धरून होती. आणि चिंधीच्या शेजारून पंखाची मागची फळी हलवणारी तार गेली होती. शंकररावांनी मधलं अंतर बोटांनी मोजलं.

"चार बोटं," ते म्हणाले. "ही दुसरी सुटून चिंधी तारेत अडकली असती तर?"

आनंदीबाईंनी तारेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी पुडी आठवली होती, श्रेया आठवली होती. तार कधी आठवली नव्हती. श्रेयाचा हात त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला होता. 

"दर खांडेनवमीला तुम्ही सगळे पंख्याला कुंकू लावायचात," शंकरराव म्हणाले. "हार घालायचात, नारळ फोडायचात. मी कधी पुसलं?"

"नाही."

"कधी बोललो?"

"नाही, दादा."

"मग हे माझ्या पाठीमागे का?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"नाहीच म्हटलं असतं. पंखात नाही. बाहेर लाव, हवं तिथे लाव, असं म्हटलं असतं." त्यांनी दिवा विझवला. "तू मला विचारलंच नाहीस. मी मात्र तुझ्यावर सही करत राहिलो."

अनुश्रीने कॅमेरा खाली ठेवला होता. शंकररावांनी तिला हाक मारली. "बेटा, याचा फोटो घे. कापलेल्या जागेचा, चिंधीचा, तारेचा. घेणाऱ्याला सगळं जाऊ दे."

"अंकल, सर रागावतील. सौदा..."

"होऊ दे राग. सही माझी आहे."

लॉगबुक आणलं. शहाण्णव सालचं पान पिवळं पडलं होतं. त्या नोंदीखाली शंकररावांनी आजची तारीख घातली आणि इंग्रजीत लिहिलं, की या पंखात परकी वस्तू राहिली होती, ती आज काढली. तेव्हा मी आतून तपासलं नव्हतं. सही केली. मग पेन आनंदीबाईंपुढे धरलं. शिवणाऱ्या बाईने लॉगबुकात सही करायची पद्धत नव्हती, कधीच नव्हती. त्यांनी मराठीत सावकाश अक्षर लावून नाव लिहिलं. जगदाळेतला ळ लिहिताना पेन कागदात रुतलं.

"चिंधी तुझी आहे, घेऊन जा," शंकरराव म्हणाले. "देवाची वस्तू आहे, केरात नको टाकू."

आनंदीबाईंनी ती ओंजळीत घेतली. मनावरचा दगड उतरेल असं वाटलं होतं. तो उतरला नाही, नुसता हलला.

शंकरराव काठी टेकत उठले, विमानाच्या नाकासमोरून पलीकडे गेले आणि उजव्या पंखाखाली थांबले. हा पंख चौऱ्याण्णव सालचा, यावरचेही टाके आनंदीबाईंचेच. त्यांनी वर पाहिलं. तिथे ओघळ नव्हता, काही नव्हतं.

"यात?" त्यांनी विचारलं.

"नाही दादा. देवाशपथ नाही."

 त्यांनी हो म्हटलं नाही, मानही हलवली नाही. नुसते पंखाकडे बघत उभे राहिले. आजवर त्यांनी आनंदीबाईंना असा प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारला असता तर उत्तराची वाट पाहिली नसती.

आनंदीबाईंनी चिंधी पदराच्या टोकाला बांधली. ब्लेड उचललं, स्टूल ओढत उजव्या पंखाखाली नेलं आणि त्यावर चढल्या.

"दिवा धरा," त्या म्हणाल्या.

शंकररावांनी थांब म्हटलं नाही. त्यांनी दिवा धरला.